दुसऱ्या रेडिओचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. अनेकदा ओठांवर आलं आणि चहाबरोबर गिळलं.

मी वैमानिक आहे. लहानपणी आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो. डोक्यावरून विमान गेलं की आई हातातलं काम टाकून वर बघायची. तशीच विमानं आता मी उडवतो. त्यात दोन रेडिओ असतात. एकावर जमिनीवरून वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरशी बोलायचं. दुसरा संकटाच्या फ्रिक्वेन्सीवर लावून नुसतं ऐकत राहायचं. खाली कुणी अडलं, तर त्याची हाक डोंगराआड अडते, पण वर आमच्यापर्यंत पोहोचते. आणि एरवी तिथं काय ऐकू येतं, सांगू? म्याव! खरंच. कंटाळलेले वैमानिक मांजराचे आवाज काढतात. खोटं कशाला बोलू — मीही काढलाय.

त्या दुपारी नागपूरहून मुंबईला येत होतो. म्यावम्याव सुरू झालं, तसा वैतागून मी दुसऱ्या रेडिओचा आवाज पार बंद केला. शेजारी सहवैमानिक सायली होती, बोरिवलीची. म्हणाली, "सर, राहू दे ना तो."

"मांजरंच आहेत गं," मी म्हटलं.

थोड्या वेळाने कंट्रोलरने विचारलं. एक शिकाऊ मुलगी छोट्या विमानात एकटीच धुरक्यात वाट चुकली होती, इंधन संपत आलं होतं. लांबच्या एका विमानाला तिची तुटक हाक ऐकू आली होती. तुम्ही नाशिकवरून आलात, तुम्हाला काही ऐकू आलं का?

'आवाज बंद होता' — एवढंच तर सांगायचं होतं. पण अख्खं आकाश ऐकत होतं, आणि मी — वीस वर्षं विमान उडवलेला कॅप्टन! म्हणालो, "रेडिओ चालू होता. काही ऐकू आलं नाही."

त्याचा अर्थ त्यांनी काय काढला असेल? नाशिकवरून गेलेल्याला ऐकू आलं नाही, म्हणजे ती तिथं नाहीच. शोध उत्तरेकडे वळला. ती मात्र नाशिकजवळच घिरट्या घालत होती.

मग मी गुपचूप आवाज वाढवला. त्या लांबच्या विमानातली कॅप्टन बाई इंग्रजी सोडून सरळ मराठीत बोलत होती. "घाबरू नकोस बाळा, मी आहे. सूर्य कुठल्या हाताला दिसतो?" माझ्या अंगावर काटा आला. कधी न पाहिलेल्या पोरीला तिने नुसत्या आवाजाने धरून ठेवलं होतं. मांजरं गप्प झाली होती, सगळी विमानं गप्प — गाभाऱ्यात माणसं होतात तशी. इतकी वर्षं उडून, एवढ्या मोठ्या आकाशात हे असं काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. डोळे भरून आले. तेव्हा तरी खरं सांगायचं ना? नाही सांगितलं.

इंधन संपल्यावर ती मुलगी एका शेतात उतरली. वाचली, पाय मात्र मोडला.

काही महिन्यांनी अंधेरीत आमची सुरक्षेवर बैठक होती. ती कुबडी घेऊन आली होती. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "सर, तुम्हीही तेव्हा वर होतात असं कळलं. मला डोक्यावर एक विमान दिसलं होतं. किती वेळ त्यालाच हाका मारत होते मी. ते तुमचं होतं का?"

सायली दोन खुर्च्या सोडून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नसेल," मी म्हटलं.

ते माझंच होतं.