नवनाथभाऊंचा मुका ग्रुप

दोन हजार सातच्या सुमारास दौंड स्टेशनजवळ माझा सायबर कॅफे होता. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतले ऑपरेटर नवनाथभाऊ दर रविवारी तिथे येऊन ऑर्कुटवर लिहीत बसायचे. त्यांचा जोडीदार पोपट कामावर ॲसिडने भाजला होता. दोन्ही हातांची बोटं आखडली, नोकरी गेली, आणि तो केडगावला घरी बसला. व्हॉल्व्ह गळतोय हे आधीच्या शिफ्टने त्याला सांगितलंच नव्हतं. पुन्हा कुणावर अशी पाळी येऊ नये म्हणून भाऊंनी ऑर्कुटवर कंपनीतल्या ऑपरेटरांचा ग्रुप काढला आणि पोपटलाही त्यात घेतलं. हातमोजे कुठले घालावेत, पंप कसा धुवावा, असलं सगळं ते इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहायचे. खाली एकाचंही उत्तर नसायचं.

"भाऊ, पालथ्या घड्यावर पाणी ओतताय तुम्ही," मी म्हणायचे. मला त्या लोकांचा खरंच राग यायचा. नावं तेवढी नोंदवून ठेवली, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

शेवटी भाऊही वैतागले. एका रविवारी रात्रपाळी करून ते तसेच आले, डोळे चोळत ॲसिड पातळ करण्याविषयी लिहिलं आणि म्हणाले, "ह्यो शेवटचा. उद्या बंद करून टाकतो."

सोमवारी ते त्यासाठीच आले. पान उघडलं आणि खुर्चीत थिजलेच. मीही वाकून पाहिलं, तर डोळ्यांवर विश्वास बसेना. खाली उत्तरांची रांग लागली होती, आणि पहिलं पोपटचं होतं: 'नवनाथ, उलटं लिवलंस. आधी पाणी, मग ॲसिड. लगेच पुस.'

झोपेच्या गुंगीत भाऊंनी ॲसिडमध्ये पाणी ओतायला सांगितलं होतं. तसं केलं की ॲसिड उसळून थेट तोंडावर येतं. कुणी ऐकलं असतं तर? भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी आधी ते पुसलं, मग पोपटला फोन लावला. त्यांच्या मोबाईलचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

"तू वाचतोस व्हय रं?"

"पयल्यापासनं. समदीच वाचत्यात."

"मग कवा एका शब्दानं बोलला न्हाईस?"

"बरोबर असल्यावर काय बोलायचं? शिफ्ट बदलताना तरी कुठं बोलतो आपण? बिघडलं असंल तरच सांगायचं. गप म्हंजी ठीक."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस ही माणसं गप राहून भाऊंना शाबासकी देत होती!

भाऊ मात्र हसले नाहीत. "तू भाजलास त्या दिवशी बी समदी गपच व्हती, पोपट," ते म्हणाले. "आन् तू ठीक समजलास."

"बरं," पोपट म्हणाला. "हितनं पुढं बरोबर असलं तरी लिवतो. पर मला टाईप करायला लई येळ लागतो."

"लागू दे," भाऊ म्हणाले. "मी बसतो हितंच."