चिंचेच्या खोडातला हिंग

भोक करंगळीएवढं होतं. वरून मेण थापलेलं. मी काडीनं मेण उकरलं आणि हिंगाचा वास नाकात घुसला.

"आलं का ध्यानात?" केशवराव पाटील माझ्या पाठीमागून म्हणाले. "झाड आपसूक वाळत नसतंय सायेब. कुणीतरी मारलंय."

निजामाच्या राज्यात मी महसूल खात्यात गिरदावर होतो. गिरदावर म्हणजे पटवाऱ्याच्या वर आणि तहसीलदाराच्या खाली. दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. वीसेक गावं माझ्याकडे होती. हे गाव घाटनांदूरपासून दोन-तीन कोसांवर. नाव सांगत नाही, त्या लोकांची नातवंडं अजून तिथंच नांदताहेत.

हिंगाचं सांगायला हवं. आमच्याकडे लोक पक्कं मानतात की खोडात भोक पाडून हिंग भरला की केवढंही झाड मरतं. आणि ही चिंच मरायलाच लागली होती. एका अंगाची पानं पिवळी पडून गळाली होती. दुसऱ्या अंगाला थोडा हिरवेपणा उरला होता. झाड गायरानाच्या कडेला, म्हणजे सरकारी जागेत. पलीकडे लगेच पाटलांची ज्वारी. पाटलांनी अर्ज केला होता की झाड वाळलंय, काढायची परवानगी मिळावी. त्याच अर्जावर मी पंचनाम्याला आलो होतो.

गाव चावडीत गोळा केलं. तहसिलीतून नवा हुकूम आला होता, तो वाचला. सरकारी हिरव्या झाडाला कुणी हत्यार लावायचं नाही. लावायचं असेल तर आधी तहसिलीची परवानगी. वाळलं तर पंचनामा करून काढायचं. आणि हिरवं झाड कुणी मारलं असं ठरलं, तर त्या घराची गायरानातली चराई बंद. एवढं वाचून मी थांबायला हवं होतं. पण मला तेव्हा दरारा बसवायची भारी हौस. पदरचं एक वाक्य जोडलं, "हत्यार लावणारा आणि हत्यार देणारा, दोघं सारखेच धरले जातील!"

झालं, चावडी पेटली.

"मरायलाच टेकलंय तर काढा की. तिथं गाडी वळत न्हाई."

"एक फांदी जरी हिरवी आसली तरी कसं काढता? हुकूम काय म्हनतोय?"

"हुकमाचं ऱ्हाऊ द्या. झाड लावलं आमच्या आज्यानं. मंग ते सरकारचं कावून?"

या शेवटच्या प्रश्नाला हुकमात उत्तर नव्हतं. म्हणून मी ओरडलो, "गप बसा!"

खरं सांगायचं तर मला पहिला संशय पाटलांचा आला. मला संशय यायला वेळ लागत नसे. पहाटे कोंबडा आरवला तरी कोणी आरवायला लावला, असं मनात येणारा मी. मी पाटलांना तोंडावर विचारलं, "चिंचेची सावली तुमच्याच ज्वारीवर पडते ना?"

"पडती की. म्हनून तर राजरोस अर्ज केला. चोरून मारायचं आसतं तर तुमाला कावून बोलावलं आसतं?"

बोलणं बिनतोड होतं. इतकं बिनतोड की मला आणखी संशय आला. मग मी एकेकाला उभं करून विचारलं, भोक तू पाडलंस का? सगळे नाही म्हणाले. म्हाळू हाटकरही नाही म्हणाला. म्हाळू धनगर, चाळिशीचा, घरात बायको आणि तीन लेकरं. शेत नाही. शंभरेक मेंढरं आणि ती चरायला गायरान, एवढाच त्याचा संसार. कुणब्याची चराई बंद झाली तर तो दावणीला कडबा घालेल. म्हाळूची बंद झाली तर त्याला गावच सोडावं लागणार होतं.

"सायेब," पाटील हळूच म्हणाले, "गावात बाराही म्हैने कमरेला हिंग कुणाच्या आसतो, ते इचारा."

सगळ्या माना म्हाळूकडे वळल्या. मेंढरू फुगलं की धनगर त्याला हिंगाचं पाणी पाजतात. मी म्हाळूची चंची उघडायला लावली. आत पानसुपारी, चुना आणि चिंधीत बांधलेला हिंगाचा खडा.

म्हाळूचं तोंड उतरलं. "सायेब, भोक मीच पाडलं. पर मारायला न्हाई, आईशप्पथ! खोडातनं भुसा पडत होता. कीड लागली होती. किडीच्या भोकात हिंग सारला की कीड मरती. माझा बाप आसंच करायचा. भोक बारीक होतं, म्हनून वाईच मोठं केलं."

"मघाशी तर नाही म्हणालास."

"हत्याराचं नाव घेतलं तुमी. भ्यालो."

"आणि आता हिंग सापडल्यावर कीड आठवली होय बे?"

मागून भागाबाई उठली. ही एकटी म्हातारी, त्याच झाडाच्या चिंचा फोडून बाजारात विकायची. ती म्हणाली, "अवो सायेब, डोसकं हाय का ठिकानावर? उन्हाची त्येची मेंढरं त्याच झाडाखाली बसत्यात. ते झाड म्हाळू कावून मारंल?"

एवढा सरळ सवाल! पण मला वाटलं, म्हाळू हिला फुकट लोकर देत असणार. मी तिला खाली बसवलं.

पंचनामा लिहिला. झाड मरणपंथाला, मारणारा म्हाळू हाटकर, हिंग हजर, कबुली हजर. एक बाजू हिरवी होती म्हणून पूर्ण वाळल्यावर काढायचं ठरलं. पाच पंचांनी अंगठे दिले. शेवटचा अंगठा दगडू सुताराचा. तो दोनदा चुकीच्या जागी उमटला. मला वाटलं, वय झालंय.

पंधरा दिवसांत चराई बंदीचा हुकूम निघाला. तहसीलदार साहेब खूश. मला म्हणाले, "शाब्बास गिरदावर साहब, ऐसा काम होना." मी आठवडाभर छाती फुगवून फिरत होतो.

भादव्यात पीकपाहणीसाठी त्याच गावात गेलो. कोणत्या शेतात काय पेरलंय ते पाहून पटवाऱ्याच्या नोंदीशी ताडायचं, हे गिरदावराचं नेहमीचं काम. पाटलांच्या बांधावर आलो आणि घोड्यावरून उतरलोच. चिंच हिरवीगार होती. दोन्ही अंगांनी.

दगडू सुताराला बोलावलं. तो खोडाजवळ बसला, सालीवरून हात फिरवला. "भुसा बंद झाला सायेब. कीड मेली. भोकबी भरत आलंय बघा."

"तुला कसं ठाऊक कीड होती म्हणून?"

"म्हाळूनं दावली होती. भोक पाडायला माझंच गिरमिट नेलतं त्यानं."

माझं डोकं फिरलं. "अरे, मग चावडीत दातखीळ बसली होती काय? वर अंगठा दिलास!"

दगडूनं मान वर केली नाही. "हत्यार देनारा बी धरला जाईल म्हनला होता तुमी. मलाबी दोन म्हशी हायती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाक्य हुकमात नव्हतंच. ते माझं होतं.

तहसीलदारांकडे गेलो. ते कागदातून वर न बघता म्हणाले, "मिसल बंद हो गई. झाड जगलं ना? मग कशाला उकरता?" मिसल म्हणजे प्रकरणाचे कागद. ती पुन्हा उघडायची तर माझा पंचनामा चुकीचा होता असं मीच लिहून द्यावं लागणार होतं. तहसिलीत पेशकाराची, म्हणजे माझ्या वरची, जागा रिकामी होणार होती आणि माझं नाव पुढे होतं. दोन दिवस मी टाळाटाळ केली, हेही कबूल करतो. तिसऱ्या दिवशी लिहून दिलं. पेशकारी दुसऱ्याला मिळाली. म्हाळूची चराई खुली झाली.

म्हाळू धर्मापुरीकडे मेव्हण्याच्या मेंढरांमागे फिरत होता. त्याची स्वतःची निम्मी मेंढरं मोडली होती. मी स्वतः हुकूम घेऊन गेलो. वाचून दाखवला. चूक माझी होती, तेही म्हणालो.

त्यानं आधी विचारलं, "चिंच कशी हाय?"

"हिरवी आहे. भुसा थांबला."

"मंग बरं झालं." तो पहिल्यांदा जरा हसला. "दिवाळी झाली की येतो माघारी."

आम्ही बोलत होतो ते मेंढरांच्या वाड्याजवळच्या कडुलिंबाखाली. लिंबही सरकारी जागेतला. सहज खाली पाहिलं तर बुंध्याशी पिवळसर भुसा पडलेला. आता मला भुसा कळायला लागला होता.

"म्हाळू, यालाही कीड लागलीय. हिंग आहे ना? भर की."

म्हाळूनं चंचीवर हात ठेवला, पण उघडली नाही. "लिहून देता?"

मी खिशातून कागद काढला. लेखणी उचलली आणि तिथंच थांबलो. परवानगी द्यायचा अधिकार तहसिलीचा. मी लिहिलं असतं तर ते त्याच्याच अंगलट आलं असतं.

म्हाळू दिवाळीनंतर गावी परतला. लिंबासाठी मी रीतसर अर्ज केला. हिरव्या झाडाला हत्यार लावण्याची, भोक पाडण्यापुरती परवानगी. तहसिलीत त्यावर तीन शेरे पडले. झाड आजारी पडलं तर काय करायचं, हे हुकमात कुठंच नव्हतं. चैत्रात परवानगी आली. तोवर लिंब वाळून खडखडीत झाला होता.

वाळलेल्या झाडाला परवानगी लागत नाही, नुसता पंचनामा पुरतो. तो मीच केला.