आमच्याकडे काय शिजतं

एसटीच्या टपावर आमचा संसार चढला तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. दोन ट्रंका, बाबांची पुस्तकांची पेटी, रॉकेलचा स्टोव्ह, पोत्यात बांधलेली भांडी. ताई, तू सासरहून मुद्दाम आली होतीस आणि बाळाला कडेवर घेऊन लिंबाखाली उभी होतीस. काटोलला आम्हाला गाडी बदलायची होती. कंडक्टरनं घंटी दिली आणि तेवढ्यात आत्या पळत आली. खिडकीतून तिनं आईच्या मांडीवर एक पुडकं टाकलं.

"हे सक्करदऱ्याले देजो वं त्याले. नागपुरात असे झिंगे भेटत नाही म्हणते."

सक्करदऱ्याच्या काकासाठी वाळलेले झिंगे. कागदाच्या तीन घड्यांतूनही वास येत होता. बाबांनी पुडक्याकडे एकदा पाहिलं आणि ते तुझ्याकडे हात हलवत राहिले. गाडी वळली, तू दिसेनाशी झालीस. तो वास मात्र नागपूरपर्यंत आमच्या सोबत आला.

बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू आलीस, विहारात सगळ्यांच्या पंगतीत जेवलीस, पण मुक्काम काकाकडे सक्करदऱ्याला केलास. माझ्याकडे अर्धा कप चहा घेतलास. मी काही विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. बारा-तेरा वर्षं आपलं असंच चाललं आहे. सुमन प्रतापनगरात राहून सोवळी झाली, आपल्या ताटाकडे नाक मुरडते, असं तुला वाटतं. आणि मला वाटतं की ताई माझ्या घरात शिरते ती काहीतरी हुंगतच. दोघींचाही संशय अगदीच खोटा नाही, म्हणून हे लिहिणं भाग आहे. प्रतापनगरचं पहिलं घर आम्ही का सोडलं, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. मलाही ते पुरतं आत्ताच कळलं.

बाबांची बदली नागपूरच्या कचेरीत झाली होती. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आधीपासून तिथं गिरणीत होता. त्याचा आग्रह होता की सक्करदऱ्याला त्याच्या शेजारची खोली घ्यावी. पण बाबांना कचेरी जवळ हवी होती आणि माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. प्रतापनगरात तेव्हा मुरुमाचे रस्ते, बाभळी आणि दूरदूर बांधलेली घरं. एका घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. तिथून शाळा दहा मिनिटांवर होती.

मालकांनी आम्हाला व्हरांड्यात बसवून एकच प्रश्न विचारला. "खाणंपिणं कसं काय आपलं?"

"साधं," बाबा म्हणाले.

मालक समाधानानं हसले. आमच्या आडनावावरून त्यांना काही उमगलं नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप कळतं, असं ते धरून चालले असावेत. मी बाबांकडे पाहिलं. ते खोटं बोलले नव्हते. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी मांसाला हात लावला नव्हता, हे तुलाही माहीत आहे. पण त्यांनी सगळं सांगितलं होतं का? आई माहेरी गेली की खात असे. मी तर आत्याकडे मिटक्या मारून खाई. बाबांविषयी मला आलेला तो पहिला संशय.

झिंग्यांचं पुडकं न्यायला काका दोन दिवसांनी आला. तोवर ते ट्रंकेत होतं. काका यायच्या आधीच मालकीणबाई वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"विरजण आहे का हो? आमचं नेमकं संपलं." त्यांची नजर आधी स्टोव्हवर गेली, मग फळीवर, मग आमच्यावर आली. "इथं कशाचा वास येऊन राहिला?"

"ट्रंकेचा," आई म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांचं विरजण आठवड्यातून तीनदा संपू लागलं. नेमकं आमचा स्वयंपाक चालू असताना. हात लांब करून त्या वाटी धरत आणि आई वरून दही टाकी. एकदा आई कपडे वाळत घालायला गेली, तर मोरीजवळच्या पपईच्या बुंध्याशी पांढरं काहीतरी सांडलेलं. त्यावर मुंग्या लागल्या होत्या. आमचंच दही. पुढच्या वेळी आईनं वाटी थोडी जास्तच भरली.

"काहून देतं मंग?" मी चिडून विचारलं.

"मांगते तं देतो. पाहू कवापर्यंत मांगते."

रविवारी मी आणि बाबा सायकलवर सक्करदऱ्याला जात असू. काकी मटण शिजवी आणि बाबांसाठी वेगळ्या गंजात वरण. सगळे एकाच पंगतीत बसत. काकाला चिडवायला दुसरं कोणी लागत नसे.

"दीक्षा तं आपण संगंच घेतली ना गा दादा? माह्या पंचशीलात मटणाचं नाव नाही. जीव मारू नोको, एवढंच आहे. मी कुठं मारतो? खाटीक मारते."

"खाटीक कोणासाठी मारते?"

"सबन मोहल्ल्यासाठी मारते. माह्या एकट्यासाठी थोडीच! बम्मन झाला तू पुरा. जानवं तेवढं घालाचं राह्यलं."

बाबाही हसत. एकदा काकीनं चुकून रश्श्याचाच डाव वरणात घातला. तिनं जीभ चावली आणि ताट उचलायला धावली. बाबांनी ते तसंच पुढे ओढलं. "राहू दे वं. मारणं वेगळं अन लागणं वेगळं," म्हणाले आणि जेवले. माझ्या ताटात काय आहे याकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, "मी बत्तीस वर्षांचा होतो तवा ठरवलं. तुह्यापाशी वेळ आहे."

घरी परतताना मी पेरूची पानं चावत असे. फाटकाशी आलो की तळहात नाकाला लावून पाही. बाबा सायकल लावत असत. त्यांना हे दिसत असेल का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मालकीणबाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं. "ये ग सुमन. काय जेवलीस काकाकडे?"

"भरीत."

"अरे वा. वांग्याचं?" असं म्हणून त्यांनी लाडानं माझा उजवा हात हातात घेतला, जवळ नेला आणि सोडला. फार हळू सोडला. मग पदराला बोटं पुसली. मी घरात जाऊन राखेनं हात घासले. आईला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच.

त्याच्या पुढच्या रविवारी काका आमच्याकडे जेवायला आला. आईनं पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या, पण रश्श्याला काकीनं कुटून दिलेला काळा मसाला. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं भाजून घातलेलं. त्याच मसाल्यात सक्करदऱ्याला मटण शिजे आणि वासानं दोन्ही एकच वाटत. तर्री वर आली आणि मालकीणबाई दारात आल्या. या वेळी हातात वाटी नव्हती.

"हे काय शिजून राहिलं आमच्या घरात?"

आईनं पदर सावरला. "पाटोडी आहे, बाई."

"पाटोडीचा वास मला कळत नाही का? झाकण काढा बरं."

आई उठलीच होती. बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "झाकण काढू नको."

"काढू दे ना गा दादा," काका म्हणाला. "बेसन तं होय! बाई, बोकड असता तं म्या आतापर्यंत ठेवला असता का गंजात?"

मालकीणबाई हसल्या नाहीत. बाबा उठून दाराशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे काय शिजतं, ते आम्ही जेवतो. तुम्हाला दाखवणार नाही."

"म्हणजे आहेच," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही जेवलो. काका वड्या मोडत एकसारखा विचारत राहिला, "काहून नाही दाखवलं? सांग ना, काहून?" बाबांनी त्याला आणखी रस्सा वाढला. मी वडी ताटातच फिरवत राहिले. पातेल्यात बेसन आहे हे मला माहीत होतं, आणि ह्या बाई दारात का आल्या हेही मला एकटीलाच माहीत होतं. निदान मी तसं समजत होते.

आठ दिवसांत आम्ही सक्करदऱ्याला आलो. काकाच्या शेजारची खोली तोवर दुसऱ्यानं घेतली होती. त्याच्याच दोन खोल्यांत आम्ही आठ जण राहिलो. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. एक बस चुकली की पहिला तास जाई, आणि पहिला तास गणिताचा असे. मी गणितात नापास झाले. तू तेव्हा लिहिलं होतंस, "सुमीचं लक्ष नसन." मी उत्तर दिलं नाही. मी स्वतःवर रागावले होते, पण त्याहून जास्त बाबांवर. एक झाकण. उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि कधी कधी याहून वाईट विचार येई. एवढे अडून बसले, म्हणजे लपवण्यासारखं काही खरंच असेल का? कचेरीतून परतताना ते कुठं जात असतील का? आता हे लिहायची लाज वाटते, पण मी त्यांच्या डब्याचाही वास घेऊन पाहिला होता.

त्याच काळात मी मटण सोडलं. काकीला वाटलं, नापास झाल्याचं दुःख. बाबांनी एकदाच विचारलं, "काहून सोडलं?"

"तुम्ही नाही खात म्हणून."

"माह्यासाठी नको सोडू," ते म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, असंच मला वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे. दुसऱ्या वर्षी पास झाले, बी.ए. केलं, ग्रंथालयात लागले आणि हट्टानं प्रतापनगरातच घर घेतलं. आई गेल्यावर बाबा शेवटची सहा वर्षं माझ्याजवळ होते. आम्ही दोघं त्या जुन्या घरावरून फिरायला जात असू. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्याकडे आला. बाबांच्या पुस्तकांवरची धूळ पुसत बसला होता. मी म्हणाले, "त्या दिवशी झाकण काढलं असतं, तर माझं वर्ष वाचलं असतं."

काकाच्या हातातला फडका थांबला. "झाकणानं नाही गेलं वं घर. तुले मालूम नाही?"

मग त्यानं सांगितलं. पाटोडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी बाबांना व्हरांड्यात बोलावलं होतं. काका आदल्या दिवशी आमच्याकडेच राहिला होता, तो कोपऱ्याशी दात घासत होता. मालक फार गोड बोलले. तुम्ही सज्जन माणूस, पातेल्यात बेसनच होतं हे मलाही माहीत आहे, म्हणाले. पण मुलगी तिकडे जाऊन खाते. हिनं स्वतः हाताचा वास घेतला, आणि मुलगी खोटं बोलली. तुम्ही फक्त एवढा शब्द द्या, की मुलगी यापुढे काकाकडे जाणार नाही. मग खुशाल राहा.

"अन बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणन? 'ते माह्या भावाचं घर आहे. पोरगी तिथं जाईन अन जे वाढलं ते खाईन.' मालक म्हणे, मंग? दादा म्हणे, मंग आम्ही जातो." काकानं फडका झटकला. "मले सांगतलं, पोरीले बोलू नोको. तिले वाटन, तिच्यानं झालं."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हणजे माझं खोटं त्यांना त्या सकाळीच कळलं होतं. पेरूची पानंही त्यांनी पाहिली असणार. जो माणूस स्वतः एक घास खात नव्हता, त्यानं माझ्या घासासाठी घर सोडलं. आणि त्यानंतर मी तो घास सोडला, का सोडला ते त्यांना कळलं, आणि त्यांनी मला नको म्हटलं.

ताई, बाबांनी सोडलं ते कोणाचा जीव जाऊ नये म्हणून. मी सोडलं ते कोणी माझा हात धरू नये म्हणून. इतकी वर्षं मी दोन्हीला एकच नाव देत आले. तू माझ्या घरात जेवत नाहीस ते यामुळेच, असं आता वाटतं. बाबांच्या शेजारी बसून तू कितीदा तरी खाल्लंस, तुला कधी चोरटं वाटलं नाही. माझ्याकडे वाटलं असेल.

हे घर माझ्या नावावर आहे. तरी अजून मी नुसत्या वरणाला फोडणी देतानाही आधी खिडकी लावते. शेजारच्या बाई चांगल्या आहेत. त्यांनी मला कधी काही विचारलेलं नाही. त्या विचारत नाहीत याचाही मला संशय येतो. गाव सोडून इतकी वर्षं झाली, पण नागपुरात माझं घर झालं असं मला म्हणता येत नाही, ते याचमुळे. जिथं कोणी येण्याआधीच मी उत्तर तयार ठेवून बसते, त्या जागेला घर कसं म्हणू?

तेव्हा तू ये. संत्र्याचा बहर उतरला की ये, तेव्हा तुझी सासूही मोकळं सोडते. सक्करदऱ्याला उतरू नकोस, सरळ इकडे ये. तुला जे खावंसं वाटेल ते बाजारातून आपण दोघी मिळून आणू. माझ्या गॅसवर तू शिजव, मी कांदा चिरून देईन. मी खाईन का, ते मला आत्ता सांगता येत नाही. खरंच माहीत नाही. नाही खाल्लं, तर ते माझं स्वतःचं असं पहिलं न खाणं असेल.