नेबर हसला

आधीच सांगतो, मी इंजिनिअर माणूस. कोणी भुताचा विषय काढला की मी चहा टाकायला उठायचो. त्यामुळे हे वाचून हसलात तरी राग नाही...

साल १९९८. मी आखातात, फुजैराला ऑइल टर्मिनलवर नोकरीला होतो. मुलीच्या शाळेसाठी बायको तिला घेऊन पुण्याला परतली आणि टू-बेडरूम फ्लॅट अक्षरशः खायला उठला.

शेजारी आर्वो नावाचा म्हातारा. फिनलंडच्या एका पेपरात जन्मभर विनोदी सदर लिहिणारा पत्रकार. गुडघे धरतात म्हणून थंडीत इकडे यायचा. चेहरा मात्र कायम सुतकी!

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाली की बाल्कनीतून हाक यायची, "यल्ला, नेबर!" यल्ला म्हणजे अरबीत 'चल'. मग तो मला नवा लेख वाचून दाखवायचा... फिनिशमध्ये! मला ओ की ठो कळायचं नाही.

"अहो, मग मला कशाला वाचून दाखवता?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कळणारे शब्दांना हसतात. तू लयीला हसतोस. तू हसलास की वाक्य जमलं."

मी हसेपर्यंत तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचा, लेख पुढे सरकायचा नाही. खोटं हसलेलं त्याला लगेच कळायचं. खरं सांगतो, आठवड्यात मी तेवढाच हसायचो.

फेब्रुवारीत तो ऑपरेशनसाठी मायदेशी गेला. फ्लॅटची किल्ली वॉचमनकडे.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी मी वरण-भात जेवत होतो, आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. एक वाक्य... थांबणं. पुन्हा तेच वाक्य. मी वॉचमनला बोलावून दार उघडायला लावलं. खुर्च्यांवर चादरी, सगळीकडे धूळ.

"साब, कोई नहीं है," म्हणत तो गेला. मी घरात आलो, तर पुन्हा तेच वाक्य! आवाज थकत चाललेला. भीती वाटलीच, पण त्याहून वाईट वाटलं. म्हातारा ताटकळलाय आणि मला हसूच येईना.

"अरे बाबा, पुरे कर की आता!" मी ओरडलो. मग लक्षात आलं, उष्ट्या हाताने मी भिंतीशी मराठीत भांडतोय. खो खो हसू फुटलं.

आवाज पुढे वाचत गेला. शेवटापर्यंत. मग सगळं शांत.

मार्चमध्ये त्याची मुलगी सामान न्यायला आली. म्हणाली, "फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी पप्पा हॉस्पिटलमध्ये लेख वाचत होते. एका वाक्यावर अडून बसले. मग एकदम म्हणाले, 'नेबर हसला.' लेख संपवला आणि झोपले... ते उठलेच नाहीत."

एकटेपणात भास होतात म्हणे. होत असतील. पण मग त्याला माझं हसू कसं ऐकू गेलं? नंतर कितीतरी शुक्रवार मी भिंतीला कान लावून बसलो. मी हसल्यावाचून ज्याचं अडायचं, असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.