सुट्टी संपल्यानंतरचे कलकत्ता

हावड्याचा पूल मी प्रथम पाहिला तो सकाळी सातच्या सुमारास, होल्डॉल पायाशी ठेवून, स्टेशनाबाहेर उभ्याउभ्या. आमच्या अकोल्यात काही गृहस्थ सांगत असतात की पूल पाहून तात्यांची वाचाच बसली. हे गृहस्थ नागपूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. माझी वाचा बसली नव्हती. बोलण्याजोगे काही सुचत नव्हते म्हणून मी गप्प होतो, आणि या दोहोंत फरक आहे. एवढ्या रुंद नदीत त्या पुलाचा एकही खांब नाही. पोलादाचा तो अजस्र सांगाडा दोन्ही तीरांवर पाय रोवून मधोमध अधांतरी उभा, आणि त्याच्या पोटातून ट्रामगाड्या, बैलगाड्या, हातरिक्षा आणि झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेतलेली माणसे अखंड वाहत होती. खालची नदी त्यांच्याहून सावकाश चालली होती. पासष्ट वर्षे मी पुस्तकांतून गंगा वाचली. तिचा रंग दुधाच्या चहासारखा असतो हे एकाही लेखकाने लिहिले नव्हते.

मी तेथे का गेलो, याच्याही तीन हकिकती गावात प्रचलित आहेत, म्हणून खरी एकदा लिहून ठेवतो.

गावच्या वाचनालयाच्या पुस्तकनिवड समितीवर मी अनेक वर्षे होतो आणि त्या काळात सुट्टीतल्या प्रेमाच्या कादंबऱ्या मी शक्य तेवढ्या दाराबाहेर ठेवल्या. त्यातली नायिका प्रकृतीसाठी थंड हवेच्या ठिकाणी जाते, नायक तेथे आधीच आलेला असतो, दोघे टेकडीवर चढतात, पाऊस येतो, छत्री एकच असते. त्या पंधरा दिवसांत कोणी केर काढीत नाही, कोणाचा दात दुखत नाही. नायकाला नोकरी आहे असे लेखक सांगतो, पण तो नोकरीवर गेलेला आपल्याला कधीही दिसत नाही. परतीची गाडी सुटण्याच्या आत लग्न ठरवून लेखक मोकळा होतो. माझे म्हणणे असे की खरी कादंबरी त्या गाडीतून उतरल्यावर सुरू व्हायला हवी. यावर मी समितीत पुष्कळ भांडलो आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मग आमच्याच घरी तसली कादंबरी आली. माझी धाकटी मुलगी मालती मुलींच्या शाळेत शिकवते. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती थोरलीकडे, कुसुमकडे, कलकत्त्यास गेली होती. कुसुमचे यजमान श्रीधरराव तेथे कस्टम्समध्ये आहेत. मालती परतली आणि काही महिन्यांनी मला एका प्रभाकर देव नावाच्या गृहस्थाचे पत्र आले. मुलगा आपल्यातला, श्रीधररावांच्या ओळखीचा, पण जन्माने कलकत्तेकर. वडील तेथे शिक्षक होते, आता आईवडील दोघेही नाहीत. त्याने मालतीला मागणी घातली होती. पत्रात लिहिले होते, ‘आपल्या सुकन्येच्या सहवासे माझ्या शुष्क जीवनतरूस नवपल्लव फुटले आहेत.’ मी त्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली. असली वाक्ये ज्या कारखान्यात तयार होतात तो कारखाना मला चांगला ठाऊक होता.

मालतीने वाद घातला नाही. ती म्हणाली, “तात्या, तुम्ही स्वतः पाहून या. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

तिने भांडण केले असते तर बरे झाले असते. तिच्या शब्दाने सगळा निकाल माझ्या हाती आला. तिची आई गेल्यापासून घर मालतीच चालवते. म्हातारा स्वतःच्या सोयीसाठी मुलीला अडवतो आहे, असे गावात बोलले गेले. बाकीच्या हकिकती खोट्या आहेत. ही अर्धी खरी आहे. तरी दुर्गापूजेच्या आधी मी गाडीत बसलो.

कुसुमचे बिऱ्हाड शहराच्या दक्षिण टोकाला, बेहालास. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी प्रभाकर आला. सावळा, उंच, हात कामकऱ्याचे. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “तात्यासाहेब, आपल्या दर्शनाने मी कृतार्थ झालो. प्रवासाचे श्रम आपणांस फार जाणवले नाहीत ना?”

कुसुम तोंडाला पदर लावून आत गेली.

“ही वाक्ये कोठली?” मी विचारले.

“पेटीतील,” तो म्हणाला.

“कसली पेटी?”

“पिताजींची. तीत जुनी मासिके व कादंबऱ्या आहेत. मी लहान असताना मातोश्री निवर्तल्या. घरात बंगाली मोलकरीण, बाहेर बंगाली सवंगडी. पिताजी मितभाषी. मज जे मराठी अवगत आहे ते त्या पेटीतील.”

उत्तर मला फारच सफाईचे वाटले. अशा पोरक्या नायकाच्या किती कादंबऱ्या मी परत पाठवल्या होत्या. मी त्याला लाडू दिला आणि हवेविषयी बोललो.

पुढचे दिवस पूजेचे. त्यांचे वर्णन करण्याची माझी पात्रता नाही, हे मी मान्य करतो, आणि मी सहसा असे मान्य करीत नाही. गल्लीगल्लीत मांडव, आणि आत मातीच्या त्या मूर्ती. डोळे असे की आपण मांडवात शिरलो हे देवीला कळले, असे वाटावे. ढाकी (ढोल वाजवणारे) वाजवू लागले की नाद कानांना न लागता बरगड्यांना लागतो. चार दिवसांनी हे सगळे सौंदर्य ते लोक आपल्या हाताने नदीत सोडतात. मी घाटावर उभा होतो. देवीचा चेहरा पाण्याखाली जाताना माझ्या शेजारच्या आडदांड मनुष्याने लहान मुलासारखे डोळे पुसले आणि लगेच वळून मला, अनोळख्याला, आलिंगन दिले. विजयेचा, म्हणजे दसऱ्याचा, तेथे तसा रिवाज आहे. त्या रात्री बेहालाच्या शेजाऱ्यांनी ओळीने येऊन माझ्या पायांना हात लावला. मी त्यांचा कोणीही नव्हतो. मला मालतीच्या आईची फार आठवण झाली.

ट्राममध्ये ज्याच्या त्याच्या मांडीवर जाडजूड पूजा-अंक. आपल्या दिवाळी अंकांचे हे थोरले भाऊच. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ असाच अंक वाचीत नाक मुरडत होते. त्यांचे हिंदी माझ्या हिंदीहून वाईट, त्यामुळे आमचे चांगले जमले.

“प्रेमकथा?” मी विचारले.

“दुसरे काय?” ते म्हणाले. “आमचे लोक पूजेच्या सुट्टीत पश्चिमेकडे हाओया-बदलाला (हवापालटाला) जातात. तिकडच्या विहिरीचे पाणी चांगले, भूक लागते. नायक चार दिवस पोटभर जेवतो आणि त्याला वाटते, मी प्रेमात पडलो.”

“आणि नायिका?”

“तिची बद्धकोष्ठता बरी झालेली असते.” त्यांनी अंक मिटला. “महाशय, सुट्टी संपू द्या. मनुष्याला कामावर जाऊ द्या. मग विचारा त्याला.”

हा विचार त्या गृहस्थांनी मला दिला असे श्रीधरराव सगळीकडे सांगतात. विचार माझाच होता, समितीच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे. त्या गृहस्थांनी तो माझ्याआधी बोलून दाखवला एवढेच. मी परतीचे तिकीट पुढे ढकलले आणि कुसुमला सांगितले की मला मुलगा सुट्टीत पाहायचा नाही, त्याच्या कामाच्या दिवशी पाहायचा आहे.

“तात्या, गोदीत काय पाहणार तुम्ही? धूळ?” ती म्हणाली.

“धूळच पाहायची आहे.”

पूजेनंतरच्या मंगळवारी श्रीधररावांनी मला खिदिरपूरच्या गोदीत नेले. प्रभाकर तेथे गोदीच्या दरवाजावर काम करीत असे. नदीची पातळी भरती-ओहोटीने चढते-उतरते, आतले पाणी मात्र स्थिर ठेवावे लागते; म्हणून जहाज दोन प्रचंड दरवाजांमधल्या अरुंद पाण्यात घ्यायचे, पाणी सारखे करायचे आणि मग आत सोडायचे. त्या दिवशी जोवार (भरती) चढत होती आणि नदीतून एक मालजहाज आत येत होते. चार मजली वाड्याएवढी काळी लोखंडी भिंत आमच्या दिशेने सरकत होती, आवाज न करता. तिच्या आणि दगडी काठाच्या मध्ये वीतभर जागा उरली असेल. माझा हात नकळत श्रीधररावांच्या दंडावर गेला.

आणि काठाच्या अगदी कडेला प्रभाकर उभा होता. जहाजावरच्या खलाशांना हिंदीत, दोरवाल्यांना बंगालीत, वरच्या गोऱ्या अधिकाऱ्याला इंग्रजीत, एकाच दमात तो हाका देत होता. दोर सैल, दोर आवळ, थांब. एका म्हाताऱ्या दोरवाल्याला तो काहीतरी म्हणाला आणि सगळा काठ हसला. म्हाताऱ्याने त्याला तितकेच तिखट उत्तर दिले आणि हसू दुप्पट झाले. मला अर्थ कळला नाही. एवढे मात्र कळले की कृतार्थ होणारा तो मनुष्य येथे नव्हता. हा चपळ होता, थट्टेखोर होता, आणि पन्नास माणसांचे हात त्याच्या आवाजावर चालत होते. जहाज काठाला ओरखडाही न काढता आत गेले. मागचे दरवाजे मिटले, पाणी चढू लागले, आणि ते अवाढव्य धूड आमच्यासमोर वीतवीत उचलले गेले, जसे कोणी निजलेले मूल तळहातांवर उचलावे.

नंतर तो आम्हांला आपल्या खोलीत घेऊन गेला. घामाने निथळत होता आणि मला पाहताच पुन्हा अवघडला. “तात्यासाहेब, चहाचा स्वीकार व्हावा,” म्हणाला. शेगडीवर किटली उतू जाऊ लागली. तो धावला, हात मागे घेतला, इकडेतिकडे पाहू लागला. “ते... ज्याने उष्ण पात्र धरतात... ते वस्त्र...” त्याने खिशातून एक मळकी वही काढली आणि भराभर पाने उलटली. किटली फसफसत होती आणि हा शब्द शोधत होता.

“फडके,” मी म्हणालो. “आधी उचला, मग शोधा.”

त्याने सदऱ्याच्या टोकानेच किटली उतरवली. वही टेबलावर उघडी राहिली होती. अक्षर मी ओळखले. ते मीच गिरवून घेतले होते. विळी. पोळपाट. उलथणे. केरसुणी. मोरी. फडताळ. मालतीने प्रत्येक शब्दापुढे लहानसे चित्र काढले होते आणि खाली प्रभाकरच्या ओबडधोबड अक्षरात तोच शब्द पाच-पाच वेळा.

“हे केव्हाचे?” मी विचारले.

“गतवर्षीच्या सुट्टीतील. पेटीतील पुस्तकांत हे शब्द नाहीत. त्या म्हणाल्या, घर करावयाचे तर हे लागतात.”

मी सबंध वही चाळली. तीत चंद्र कोठेच नव्हता.

“मुलीशी बोलून कळवतो,” मी म्हणालो. तो “आज्ञा” म्हणाला आणि चहा कपाऐवजी बशीत गाळला. वीतभर अंतरावरून जहाज जाताना त्याचा अंदाज चुकला नव्हता.

निघण्यापूर्वी मी कुसुमला घेऊन बाजारात गेलो आणि एक वस्तू घेतली. जुन्या वर्तमानपत्रांच्या अनेक घड्यांत गुंडाळलेली ती वस्तू पाहून गाडीतल्या सहप्रवाशांनी माझ्यापासून थोडे दूर बसणे पसंत केले. हावडा सुटताना पूल उन्हात चमकत होता. या खेपेसही मला काही सुचले नाही.

घरी पोचलो तेव्हा मालती शाळेतून नुकतीच आली होती. तिने पाणी दिले, कुसुमची खुशाली विचारली, पूजा कशी झाली ते विचारले. दुसरे काही विचारले नाही. शब्दाची पक्की आहे. आईवर गेली आहे.

सुट्टीतल्या प्रेमाच्या कादंबऱ्यांविषयी माझे मत आजही तेच आहे. मालतीच्या सुट्टीची कोणी कादंबरी केली, तर लेखक गंगेचा घाट घालील, होडी घालील, आणि वही गाळील. मग ते पुस्तक मी पुन्हा दाराबाहेर ठेवीन.

मी गुंडाळी तिच्यापुढे ठेवली. तिने एकेक घडी उलगडली. आत आपल्या विळीसारखेच पाते, पण उंच, वाकदार, खोवणीचे दाते नसलेले.

“ही कसली विळी, तात्या?”

“हिला तिकडे बोंटी म्हणतात,” मी म्हणालो. “कोरी वही आण. आता तुझी पाळी.”