मनगटवाले आणि कोपरवाले

मैत्रिणी मला विचारतात, "तुला एवढे किस्से मिळतात तरी कुठून?" अगं, मिळवायला कशाला लागतात, साठतातच! सोलापुरात भवानी पेठेत माझं फिजिओथेरपीचं छोटंसं सेंटर आहे. सोळा वर्षं मी लोकांची मनगटं आणि कोपरं दुरुस्त करतेय. सकाळच्या बॅचला सगळे एकाच बाकावर दाटीवाटीनं बसतात. मनगटवाल्यांचे हात गरम मेणात बुडवून टॉवेलात गुंडाळलेले, कोपरवाल्यांच्या कोपरावर शेकाची पिशवी. वीस मिनिटं कुणालाच मोबाईल धरता येत नाही. मग माणसं करणार काय? बोलतात!

हसण्यासारखं आधी सांगते. बाकीचं मागोमाग येतंच.

* * *

बाकावरच्या सीनियर मेंबर म्हणजे महादेवीअक्का. कडक भाकरीचा धंदा. अंगठ्याच्या मुळाशी मनगट सुजून टम्म झालेलं.

मी दरडावलं, "अक्का, दोन आठवडे पिठाला हात लावायचा नाही!"

चौथ्या दिवशी आल्या तर सूज दुप्पट.

"अक्का, भाकरी थापल्या ना?"

"न्हाय की! सुनंला नुस्तं कसं थापायचं ते दावलं."

"किती दाखवलं?"

अक्का जरा घुटमळल्या. "दोनशे."

* * *

सिद्धाराममामा आले ते एका मंगळवारी. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले, उंचपुरे, पांढऱ्या मिशा. उजवं कोपर इतकं धरलेलं, की चहाचा कप उचलताना डोळ्यांत पाणी यायचं.

"तीस वर्सं घण मारला, डॉक्टरीणबाई. कदी कुरकुर न्हाय. आत्ताच कसं वो?"

"हल्ली जड काय उचलता?"

"आमची गंगा."

गंगाबाई म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली. मुलगा पुण्याला. उठवणं, बसवणं, न्हाणीत नेणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं मामाच करायचे. मदतीला एक बाई ठेवून बघितली होती. तिचा हात लागला की गंगाबाई रडून घर डोक्यावर घ्यायच्या.

मी सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं. "पंधरा दिवस या हातानं काहीही उचलायचं नाही. नाहीतर हा हात जाईल."

"हात गेला तर तिला कोन उचलंल?"

"म्हणून तर म्हणते, आराम करा!"

"आराम केला तर तिला कोन उचलंल?"

मी शेकाची पिशवी जरा जास्त गरम करून दिली. दुसरं काय करणार?

* * *

अंबादासकाका तेलुगू घरातले. उभा जन्म टॉवेल विणायच्या मागावर गेला. बोटांच्या व्यायामासाठी मी त्यांना सुती दोऱ्याचा एक गुंडा दिला. म्हटलं, "घरी रोज शंभर गाठी मारायच्या. उद्या आणून दाखवा, मी मोजणार!"

दुसऱ्या दिवशी गुंडा आला. मी उलगडत गेले, उलगडत गेले. एक गाठ दिसेल तर शपथ!

"काका, ही चक्क फसवणूक आहे."

काका दुखावले. त्यांनी माझं बोट धरलं आणि दोऱ्यावरून फिरवलं. कुठंतरी अगदी बारीकसं काहीतरी लागलं.

"डोळ्याला दिसली तर ती गाठ कसली, मॅडम? आमच्यात ती नापास!"

* * *

मामा रोज यायचे, पण बाकाच्या टोकाला, अर्धं बूड टेकवून. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. शेजारीण गंगाबाईंपाशी तासभर बसायची, तेवढाच त्यांचा वेळ.

दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, की मामा डावं कोपरही चोळतायत.

"आता याला काय झालं?"

"तुमीच म्हनालात की, उजव्याला आराम द्या. दिला!"

सगळा बाक हसला. मामाही हसले. मला मात्र असा राग आला! ताडताड बोलले मी त्यांना. म्हटलं, "तुम्हाला स्वतःची किंमत नाही का? दोन्ही हात घालवून बसाल!" ते शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते. आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

* * *

बिराजदार मॅडम बँकेत. जुळे सोलापूरहून स्कूटीवर यायच्या. दिवसभर कॉम्प्युटर, त्यातून मनगट दुखावलेलं. मी आधाराचा पट्टा दिला. दोन महिन्यांत मनगट ठणठणीत. मी म्हटलं, "आता पट्टा सुटला, अभिनंदन!"

मॅडमनी पट्टा पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "हा माझ्याकडेच राहू दे ना. हातात हा दिसला की सासूबाई स्वतः चहा करून देतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच!"

हसत हसत सांगितलं त्यांनी. पण पट्टा न्यायला विसरल्या नाहीत.

* * *

शेवटी मीच मामांच्या घरी जायचं ठरवलं. अंगाखाली चादर घालून, ती ओढून माणसाची कूस कशी बदलायची ते शिकवावं म्हटलं, म्हणजे कोपरावर ताण कमी येतो. अक्का म्हणाल्या, "मी बी येते." चार भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली त्यांनी.

गंगाबाई एवढ्याशा झालेल्या. केस मात्र छान विंचरलेले, वेणीत अबोलीचा गजरा. वेणी कुणी घातली असेल, ते विचारायची गरज नव्हती. मी चादरीचं तंत्र दाखवत होते आणि त्या एकटक मामांच्या कोपराकडे बघत होत्या. मग अडखळत माझ्याशी कानडीत काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

मामांनी चादरीची घडी सारखी केली. "च्या घेऊन जावा म्हंतीया."

चहा घेतला. बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत अक्का माझ्यापुढं भराभर चालत गेल्या. त्यांच्या माहेरी कानडीच बोलतात, हे मामांना ठाऊक नव्हतं.

"अक्का, एवढं मोठं बोलणं नुसतं चहाचं होतं?"

अक्कांनी पदर डोळ्याला लावला. "च्या कुटला आला त्यात? 'बाई, ह्यांना सांग, मला उचलू नका. माजं काय व्हायचं ते होऊ दे, ह्यांचा हात राहू दे,' असं म्हनत हुती ती."



* * *

त्यानंतर चादरीचा थोडा उपयोग झाला म्हणायचा. मामांचं दुखणं वाढलं नाही, पण उतरलंही नाही. पकडीची ताकद मोजायला मी बीपीच्या मशीनची पट्टी गुंडाळून मुठीत देते. ती दाबली की काटा वर चढतो. मामांचा काटा साठाच्या वर काही जाईना. मध्येच मामांचं येणं थांबलं. फोन लागेना. मला वाटलं, कंटाळले असतील, नाहीतर मुलाकडे गेले असतील.

तीन आठवड्यांनी एका सकाळी आले. मिशी उतरवलेली, त्यामुळे आधी मी ओळखलंच नाही. बॅच भरलेली होती. मामा बाकावर पाठ टेकून निवांत बसले. नंबर आला तरी म्हणाले, "अक्कांचं होऊ द्या आदी. मला काय घाई न्हाय."

सगळ्यांना मेणाला आणि शेकाला बसवून झाल्यावर मी पट्टी त्यांच्या मुठीत दिली. "दाबा, मामा."

काटा साठ ओलांडून ऐंशीवर गेला, शंभर झाला, एकशे वीसवर जाऊन थांबला! डावा हातही तसाच. मी ओरडलेच, "अहो मामा!"

बाकावर एकच कल्ला झाला. अंबादासकाका "भले!" म्हणाले. अक्कांचे हात मेणात, टाळ्या वाजवता येईनात, म्हणून त्यांनी पाय आपटले. मामा सगळ्यांकडे बघून किंचित हसले.

"बघितलंत?" मी म्हटलं. "मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते? आराम केलात तर हात बरा झाला की नाही?"

"व्हय," मामा म्हणाले. "झाला की."

आनंदाच्या भरात मी कागद पुढं ओढला आणि पुढचा टप्पा लिहायला घेतला. "आता हळूहळू ताकद वाढवायची. पहिल्या आठवड्यात अर्धा किलो, मग एक किलो. इथलं डंबेलच हवं असं नाही, घरातली वस्तूही चालेल. तुमच्या घरी उचलायला काय आहे, मामा?"

मामांनी बाही खाली केली. मनगटाशी बटण लावलं.

"आता काय न्हाय, डॉक्टरीणबाई."