शेजारणीचं शेवटचं प्रकरण

नातवंडांनो, आज कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासाचा तो लिफाफा हाती आला, म्हणून लिहिते. २००४च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत ॲन आर्बरला तुमच्या बाबांकडे राहत होते, तेव्हा शेजारी एक वृद्ध जपानी रहस्यकथालेखिका राहायच्या. त्या कादंबरीचा शेवट आधी लिहीत. नव्या कादंबरीचा शेवट त्यांनी लिफाफ्यात घालून माझ्याकडे दिला.

“लेकीला देऊ नका हं! ती शेवटचं पान आधी वाचते. पुस्तक पुरं झालं की मीच मागेन.”

महिन्याभरात त्या गेल्या. लेक अर्धवट हस्तलिखित घेऊन दारात आली.

“आंटी, आईनं शेवट तुमच्याकडे ठेवलाय का?”

शब्द दिला होता, म्हणून मी “नाही” म्हटलं. तिच्या बुटांवरचं बर्फ पायपुसण्यावर वितळत राहिलं. तेव्हा मला ते इमान वाटलं. आता चोरी वाटते. लेकीचा पत्ता माझ्याकडे नाही. लिफाफा आहे, अजून बंद.